सायकलवर वापरायला वायरलेस हेडसेट आणि फोन कसा निवडावा

सायकल चालवताना मागून काय येतंय, हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज वाढत गेला की गाडी जवळ येते आहे. इंजिनाचा आवाज एकदम दबला की चालकाने वेग कमी केला आहे आणि तो बहुधा काही क्षण मागेच राहणार आहे. मान न वळवता हे सगळं समजतं. म्हणून सायकलसाठी हेडसेट निवडताना मी एक प्रश्न सगळ्यांत वर ठेवतो: तो घातल्यावर रस्ता पूर्वीइतकाच ऐकू येतो का? आवाजाचा दर्जा, कंपनी, बॅटरी हे सगळं त्यानंतर.

दुसरं म्हणजे, हेडसेट आणि फोन सुटेसुटे निवडू नका. हेडसेट कितीही चांगला असला तरी फोन मागच्या खिशात गेल्यावर आवाज तुटत असेल, किंवा फोन महागाचा असून उन्हात त्याची स्क्रीन दिसत नसेल, तर पैसे वाया गेले. ही जोडी तुमच्या हेल्मेटखाली, तुमच्या हँडलवर आणि तुमच्या नेहमीच्या वेगाला चालायला हवी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. पुष्कळ जण फोनपासून सुरुवात करतात आणि मग हेडसेटशी तडजोड करत बसतात.

पायरी १: कशासाठी हवा आहे ते आधी ठरवा

सायकलवर हेडसेट लागतो तो साधारण चार कामांसाठी. नकाशाच्या सूचना ऐकायला, फोन घ्यायला, गाणी-पॉडकास्ट ऐकायला आणि सोबतच्या सायकलस्वाराशी बोलायला. यातलं तुमचं मुख्य काम कोणतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

फक्त वळणांच्या सूचना हव्या असतील तर एका कानाचा साधा हेडसेटही पुरतो, आणि कोडेक (आवाज आकुंचून ब्लूटूथवरून पाठवायची पद्धत), बेस (खालच्या पट्टीतला आवाज), स्टुडिओसारखा आवाज वगैरे जाहिराती वाचायचीही गरज उरत नाही. फोन घ्यावेच लागत असतील तर सगळं लक्ष मायक्रोफोनवर द्या. वाऱ्यात आपल्याला ऐकू येणं तुलनेने सोपं असतं, पलीकडच्याला आपलं बोलणं समजणं फार अवघड. गाणी ऐकायची असतील तर बेस कमी मिळणार हे धरूनच चाला, कारण कान मोकळा ठेवायचा तर बेस जातोच. सोबत्याशी बोलत राहायचं असेल तर फोन कॉल चालू ठेवून बोलणं नेटवर्क असेपर्यंतच जमतं. घाटात नेटवर्क गेलं की संपलं. त्या कामासाठी सेना, कार्डो अशा कंपन्यांचे इंटरकॉम मिळतात. ते एकमेकांशी थेट रेडिओने बोलतात, त्यांना मोबाइलच्या टॉवरची गरज नसते.

पायरी २: कायदा बघून घ्या

याला पाच मिनिटं लागतात, पण नियमांत इतका फरक आहे की गृहीत काहीच धरता येत नाही. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून सायकलस्वाराला कानात किंवा कानावर इअरफोन, हेडसेट घालायला बंदी आहे, एकाच कानात घातलेलाही चालत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात दोन्ही कान झाकायला मनाई आहे, एक मोकळा असला तर चालतं. जर्मनीत सरसकट बंदी नाही, पण उपकरणामुळे ऐकण्यात अडथळा येता कामा नये, असा नियम आहे. फोनचंही तसंच. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना फोन हातात धरता येत नाही, आणि जपानने नोव्हेंबर २०२४ पासून सायकलवर फोन वापरण्याबद्दलची शिक्षा कडक केली. तुमच्याकडचा नियम काय आहे, तो खरेदीआधी वाचा. स्पर्धेत उतरत असाल तर तिचे नियम वेगळे असतात. ट्रायथलॉनच्या शर्यतीत हेडफोन चालत नाहीत.

पायरी ३: कान मोकळा ठेवणारा प्रकार निवडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

सिलिकॉनच्या टोप्या असलेले, कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरबड बहुतेकांकडे आधीपासून असतात, म्हणून तेच सायकलवर घालायचा मोह होतो. रहदारीच्या रस्त्यावर ते घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ती टोपी बाहेरचा आवाज अडवण्यासाठीच बनवलेली असते. त्यात नॉइज कॅन्सलेशन चालू असेल तर आणखी वाईट, कारण ते तंत्र एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर सर्वांत चांगलं चालतं आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाची घरघर नेमकी त्याच पट्टीत असते. यावर 'ट्रान्सपरन्सी' मोडचा उपाय सांगितला जातो. त्यात इअरबडवरचे माइक बाहेरचा आवाज पकडून कानात सोडतात. चालताना ते छान वाटतं. सायकलवर वारा थेट त्या माइकवर आदळतो आणि कानात फरफर सुरू होते. शिवाय बॅटरी संपली की कानात उरतो तो नुसता बोळा.

बोन कंडक्शन हा प्रकार सायकलवाल्यांमध्ये लोकप्रिय आहे तो सकारण. शॉक्झ ही कंपनी त्यासाठी ओळखली जाते, इतरही आहेत. यात कानात काहीच जात नाही. कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकलेल्या छोट्या चकत्या कंप पावतात आणि तो कंप कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जातो. कानाची नळी पूर्ण मोकळी राहते. वारा नळीत घोंगावत असला तरी सूचना बऱ्यापैकी समजतात, कारण त्या वेगळ्या वाटेने येतात. उणिवाही आहेत. बेस अगदी कमी मिळतो, आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, आणि गजबजलेल्या रस्त्यावर पॉडकास्टचा निम्मा मजकूर हरवतो. तो हरवू द्यावा. तिथे आवाज वाढवत नेला तर मोकळ्या कानाचा फायदाच उरत नाही.

याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की हाडातून आवाज येतो म्हणून ऐकण्यावर परिणाम होत नाही. आवाज कोणत्याही वाटेने आला तरी शेवटी त्याच आतल्या कानातल्या नाजूक पेशींवर पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची सुरक्षित मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्यात जेमतेम चार तास. रोज ये-जा करताना ऐकणाऱ्याचे चार तास सहज भरतात.

तिसरा प्रकार उघड्या कानाचा, पण हवेतून आवाज देणारा. कानावर अडकवलेला छोटा स्पीकर नळीच्या तोंडाशी अधांतरी राहतो, किंवा २०२२ मध्ये आलेल्या सोनीच्या लिंकबड्ससारखा मधोमध भोक असलेला इअरबड असतो. गाण्यांचा आवाज बोन कंडक्शनपेक्षा भरदार. मात्र वेग वाढला की वाऱ्याचा आवाज याच वाटेवर आडवा येतो. शहरात, सिग्नलला थांबत-थांबत, १५-२० किमी वेगाने जाणाऱ्यांना हा प्रकार उत्तम. लांबच्या उतारांवर वेग घेणाऱ्यांनी बोन कंडक्शन घ्यावा.

हेल्मेटच्या पट्ट्याला किंवा आतल्या बाजूला लावायचे स्पीकरही मिळतात. डोक्याला काही टोचत नाही, ही त्यांची मोठी सोय. मात्र ते बसवताना हेल्मेटचा फोम कापू किंवा कोरू नका. धक्का तोच फोम शोषतो.

एका कानाचा हेडसेट सुरक्षित, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ठरवतो. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि थोडा क्षीण होऊन पोचतो, तेवढं पुरतं. एक कान बंद केला की गाडी आली हे कळतं, ती कुठल्या बाजूने आली हे नीट कळत नाही. एका कानाचाच घ्यायचा तर तोही नळी न बंद करणारा घ्या, आणि जिथे गाड्या उजवीकडून ओलांडतात तिथे तो डाव्या कानात घाला, जिथे डावीकडून ओलांडतात तिथे उजव्या.

वाऱ्याबद्दल एक स्वस्तातला उपाय. हेल्मेटच्या कानापुढच्या पट्ट्याला लोकरीसारख्या मऊ, केसाळ कापडाची पट्टी गुंडाळा. वारा पट्ट्यावर आणि कानाच्या पाळीवर फुटून जो घोंगाट करतो, तो बराच कमी होतो. मग हेडसेटचा आवाज वाढवावा लागत नाही आणि रस्ताही जास्त स्पष्ट ऐकू येतो. तयारही मिळतात, घरीही करता येतात.

पायरी ४: हेल्मेट आणि चष्म्यासकट घालून बघा

दुकानात सरळ उभं राहून हेडसेट घातला की तो नेहमी व्यवस्थितच बसतो. सायकलवर आपण पुढे वाकलेले असतो आणि रस्ता बघायला मान वर उचललेली असते. या स्थितीत मानेमागून जाणारा पट्टा जॅकेटच्या कॉलरवर टेकतो, वर ढकलला जातो, आणि गालावरच्या चकत्या जागेवरून सरकतात. डोकं मागे वळवलं की तेच पुन्हा. हेल्मेटच्या मागची घट्ट करायची चकरी आणि हेडसेटचा पट्टा एकाच जागेवर हक्क सांगतात, हेही तिथेच कळतं. म्हणून हेल्मेट आणि चष्मा सोबत न्या, सगळं घाला, खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून हँडल धरल्यासारखे वाका, आणि डावी-उजवीकडे पूर्ण वळून मागे बघा. पट्टा लांब वाटला तर काही मॉडेलमध्ये आखूड माप मिळतं, ते मागा.

कानावर आता तीन गोष्टी येतात: हेल्मेटचा पट्टा, हेडसेटचा आकडा आणि चष्म्याची काडी. मला सोयीचा क्रम असा: आधी हेडसेट, मग हेल्मेट, शेवटी चष्मा आणि त्याच्या काड्या पट्ट्यांच्या बाहेरून. पडलं तर चष्मा सहज निघून जातो, चेहऱ्याशी अडकत नाही. तासभर घालून दुखतंय का ते बघा. कानामागे टोचायला लागतं ते अर्ध्या तासानंतर, पाच मिनिटांत काही समजत नाही.

पायरी ५: बटणं, माइक आणि ब्लूटूथ

दाबल्यावर बोटाला जाणवेल असं खरं बटण हवं. स्पर्शाने चालणारे इअरबड हातमोज्यांना दाद देत नाहीत, आणि घामाचा ओघळ किंवा हेल्मेटचा पट्टा लागला की आपोआप गाणं बदलतात, फोन उचलतात. आवाज कमी करण्याचं बटण वेगळं असेल तर फारच छान. रस्त्यावर तातडीने लागतं ते तेच.

माइकचा विचार करताना 'वाऱ्याचा आवाज गाळणारा' या जाहिरातीवर विसंबू नका. तोंडाजवळ येणारी दांडी आणि तिच्यावर फोमची टोपी, ही जुनी रचना अजूनही सर्वांत भरवशाची आहे. कानाजवळच्या छोट्या माइकांना सॉफ्टवेअर कितीही हुशार दिलं तरी २०-२५ किमी वेगापुढे पलीकडचा माणूस "काय? काय?" करायला लागतो. खरं तर महत्त्वाचं बोलायचं असेल तर बाजूला थांबूनच बोला. हेडसेटने एवढं केलं तरी पुरे, की फोन कोणाचा आहे ते सांगावं आणि "थांबतो, पाच मिनिटांत करतो" एवढं पलीकडे पोचवावं.

फोनवर बोलताना हेडसेटचा आवाज एकदम डबक्यातून आल्यासारखा होतो, त्याचंही कारण कळलेलं बरं. गाण्यांसाठी आणि बोलण्यासाठी ब्लूटूथच्या वाटा वेगळ्या आहेत. बोलण्याची पारंपरिक वाट मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणारी असून ती सेकंदाला आवाजाचे ८,००० किंवा १६,००० नमुनेच पाठवते. हेडसेट बिघडलेला नसतो. कोडेकच्या नावांनी भारावून जाऊ नका. वाऱ्यात आणि रहदारीत साधा एसबीसी आणि महागडा एलडॅक या कोडेकांतला फरक कोणालाही ऐकू येणार नाही.

आता सर्वांत जास्त तक्रारी जिथून येतात तो मुद्दा: आवाज तुटणं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पाण्याने भरलेलं माणसाचं शरीर ही लहर चांगलीच अडवतं. घरात भिंतींवरून परावर्तन होऊन लहर कानापर्यंत पोचते, म्हणून घरात सगळं झकास चालतं. मोकळ्या रस्त्यावर परावर्तनाला भिंतच नसते. हेडसेटचा अँटेना उजव्या बाजूला आणि फोन जर्सीच्या डाव्या मागच्या खिशात असेल तर मधे अख्खं धड येतं. मागे वळून बघितलं की आवाज तुटतो, म्हणजे नेमका चौकात. उपाय सोपा आहे. फोन दुसऱ्या बाजूच्या खिशात ठेवा किंवा हँडलवर आणा. खरेदीनंतर पहिल्याच दिवशी मोकळ्या मैदानात दोन्ही खिशांत ठेवून बघा, कोणती बाजू चालते ते लगेच समजेल.

एकाच वेळी दोन उपकरणांना जोडता येणारी सोय, म्हणजे मल्टिपॉइंट, ऑफिसात उपयोगी पडते. सायकलवर ती बंद ठेवा. निघताना घरातला लॅपटॉप मधेच हेडसेट पळवतो आणि गेटबाहेर पडल्यावर सूचना का येत नाहीत ते कळत नाही.

पायरी ६: पाणी, घाम आणि चार्जिंग

खोक्यावर 'आयपी' पुढचा पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. 'एक्स' म्हणजे त्या बाबतीत चाचणीचा दावा नाही. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी चालेल, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याचा फवारा चालेल, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स७ लिहिलं म्हणजे फवारा आपोआप चालतो असं नाही, त्या वेगळ्या चाचण्या आहेत. सायकलवर पाऊस जोरात अंगावर येतो, म्हणून हेडसेटला किमान आयपीएक्स५ बघा. धुळीच्या रस्त्यांवर फिरत असाल तर पहिला अंकही दिलेला असू द्या.

या चाचण्या साध्या पाण्याने होतात. घामात मीठ असतं आणि ते चार्जिंगच्या पिना खातं. राइडवरून आल्यावर हेडसेट ओल्या कापडाने पुसा, कोरडा करा आणि मगच चार्जिंगला लावा. बॅटरी तुमच्या सर्वांत लांब राइडच्या दीडपट चालावी. चार्जिंग यूएसबी-सी असेल तर फोनचीच केबल पुरते. कंपनीची खास चुंबकी केबल प्रवासात घरी राहिली की हेडसेटही निकामी.

पायरी ७: फोनमध्ये काय बघायचं

सायकलसाठी फोन बघताना कॅमेरा आणि प्रोसेसर यांना मी फारसं महत्त्व देत नाही. स्क्रीन उन्हात दिसते का, जीपीएस अचूक आहे का, बॅटरी पुरते का आणि तापल्यावर तो काय करतो, या चार गोष्टी बघा.

स्क्रीन दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा, तुमचा सायकलचा चष्मा घालून. पोलराइज्ड काचांमधून काही स्क्रीन उभ्या किंवा आडव्या धरल्यावर काळ्या पडतात आणि हे कागदावरच्या कोणत्याही माहितीत सापडत नाही. शिवाय तापला की फोन स्वतःहून प्रकाश कमी करतो, म्हणजे उन्हात जेव्हा हवा तेव्हाच. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी भोवतालच्या हवेचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस सांगितलं आहे. थेट ऊन, चालू स्क्रीन, जीपीएस आणि त्यात चार्जिंग, एवढं एकत्र आलं की कोणताही फोन दमतो. गडद रंगाचं जाड कव्हर आणि हँडलवरची प्लॅस्टिकची बंद पिशवी ही उष्णता आणखी कोंडून ठेवतात. कडक उन्हात फोन उघड्या माउंटवर (हँडलवर फोन धरून ठेवणाऱ्या होल्डरवर) वाऱ्याला लागू द्या आणि चार्जिंग सावलीत थांबल्यावर करा.

जीपीएसमध्ये एल१ आणि एल५ अशा दोन्ही लहरी घेणारा फोन बघा. शाओमीचा मी ८ हा २०१८ मध्ये आलेला फोन अशा दुहेरी जीपीएसचा पहिला. उंच इमारतींमध्ये किंवा दरीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि नकाशावरचा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. दुसरी लहर असली की हा गोंधळ पुष्कळ कमी होतो. चुकीच्या रस्त्यावरून "उजवीकडे वळा" ऐकायला यायचं नसेल तर याला खरंच महत्त्व आहे. चढाची नोंद ठेवत असाल तर फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर आहे का ते बघा. नुसत्या जीपीएसवरची उंची डगमगत असते. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा किंवा पॅडलचा वेग मोजणारा सेन्सर जोडायचा असेल तर तो ब्लूटूथचा घ्या. एएनटी प्लस ही सेन्सर जोडायची दुसरी वायरलेस पद्धत बहुतेक फोनना कळत नाही.

बॅटरी सर्वांत जास्त खाते ती चालू स्क्रीन. इथेच हेडसेटचा खरा उपयोग दिसतो. सूचना कानात येत असतील तर स्क्रीन बंद ठेवता येते आणि ५,००० एमएएचचा फोन दिवसभराच्या राइडलाही सहसा पुरतो. लांब प्रवासात पॉवर बँक सोबत हवीच. १०,००० एमएएच लिहिलेल्या पॉवर बँकेतून व्होल्टेज बदलताना गळती होऊन सहा हजारांच्या आसपासच हाती येतात, तेवढाच हिशोब धरा. चाकाच्या हबमधला डायनॅमो असेल तर तो ६ व्होल्टला ३ वॅट देतो. त्यावर फोन हळूहळू भरतो, पण चढावर वेग मंदावला की भरत नाही.

फोन मोठा घ्यावा की छोटा? मी छोट्याच्या बाजूचा आहे. सव्वादोनशे ग्रॅमचा फोन माउंटवर खड्ड्याखड्ड्याला झोका घेतो आणि मागच्या खिशात जर्सी खाली ओढतो.

पायरी ८: फोन ठेवायचा कुठे

कानात सूचना येत असतील तर फोनची सर्वांत चांगली जागा खिसा. ताशी २५ किमी वेगाला सायकल सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. स्क्रीनवर दोन सेकंद नजर म्हणजे १४ मीटर न बघता. तितक्या अंतरात कुत्रं, खड्डा, उघडलेलं गाडीचं दार, काहीही येतं.

तरी गुंतागुंतीच्या शहरी रस्त्यांवर नकाशा समोर लागतो, हेही खरं. तेव्हा माउंट घ्या तो कुलूपबंद बसणारा. रबराच्या चार बोटांनी धरणारे होल्डर खराब रस्त्यावर फोन सोडतात. क्वाड लॉक, एसपी कनेक्ट, पीक डिझाइन यांची पद्धत अशी, की खास कव्हर माउंटमध्ये अडकून घट्ट बसतं. घेण्याआधी हँडलचा व्यास मोजा. मधल्या भागात तो बहुधा ३१.८ किंवा २५.४ मिमी असतो, काही माउंटन बाइकवर ३५ मिमी. स्टेमच्या, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणाऱ्या तुकड्याच्या वर बसणारा माउंट मला जास्त आवडतो, कारण पडल्यावर फोन सर्वांत आधी जमिनीला लागत नाही. एक बारीक दोरी कव्हरला आणि स्टेमला बांधून ठेवा.

कॅमेऱ्याची काळजी इथे येते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर केलं, की ताकदवान मोटारसायकलींच्या इंजिनाच्या कंपनाने आयफोनच्या कॅमेऱ्यातलं प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा आणि ऑटोफोकस खराब होऊ शकतात. सायकलला इंजिन नाही, त्यामुळे तसा सततचा कंप नसतो. पण रोज दगडी फरशांवरून किंवा कच्च्या रस्त्यावरून जात असाल तर कंप शोषणारा तुकडा माउंटखाली बसवा.

पायरी ९: निघण्याआधी फोन तयार करा

नकाशा आधी उतरवून ठेवा. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता सांगतो, सायकलचा नाही, हे पुष्कळांना भर रस्त्यात कळतं. ओस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स इंटरनेटशिवाय सायकलचा मार्ग काढून देतात. सूचना बोलणारा आवाजही फोनमध्ये उतरवलेला हवा, नाहीतर नेटवर्क गेल्यावर नकाशा दिसतो पण बोलत नाही.

राइड नोंदवणाऱ्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा. नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर फोन ते गुपचूप बंद करतो आणि घरी आल्यावर नकाशावर एक सरळ रेघ मिळते. एकच कान वापरत असाल तर ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करा, म्हणजे दुसऱ्या बाजूचा आवाज हरवत नाही. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून घरची दोन-तीन माणसं तेवढी वगळा. ग्रुपवरचे मेसेज कानात वाचून दाखवण्याची सोय तर आठवणीने बंद करा.

एक त्रास असा येतो, की शांत पडलेला हेडसेट सूचना आल्यावर जागा होईपर्यंत पहिला शब्द निघून जातो. "उजवीकडे वळा" मधलं "उजवीकडे" गायब आणि नुसतं "वळा" ऐकू येतं. यावर उपाय म्हणजे पॉडकास्ट किंवा गाणं अगदी हळू चालू ठेवणं. मग हेडसेट झोपत नाही. काही नकाशा ॲप वळणाआधी दोनदा सूचना देतात, तेही चालतं.

लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि तातडीचा संपर्क क्रमांक दिसेल असं करा. आयफोन १४ पासून आलेलं अपघात ओळखण्याचं तंत्र गंभीर मोटार अपघातांसाठी आहे, सायकलवरून पडलात तर ते मदत बोलावेलच असं नाही. एकटे लांब जात असाल तर लोकेशन घरी शेअर करून ठेवा.

पायरी १०: परत करायची मुदत संपण्याआधी चाचणी घ्या

आधी आवाजाची. वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला उभे राहा, हेडसेट घालून काहीतरी लावा, आणि सोबतच्या माणसाला हातभर अंतरावर मागे उभं करून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगा. त्याचं प्रत्येक वाक्य समजेपर्यंत आवाज कमी करत या. तिथे आवाजाची पातळी कितव्या पायरीवर आहे ते लक्षात ठेवा. रस्त्यावर त्याच्या वर जायचं नाही. त्या पातळीला सूचना समजत नसतील तर हेडसेट तुमच्या कामाचा नाही, बदलून घ्या.

मग माइकची. घरी टेबलफॅन पूर्ण वेगात तोंडासमोर ठेवा, एखाद्याला फोन लावा आणि त्याला तो कॉल ऐकून सांगायला सांगा. फोनमधल्या रेकॉर्डरवर ही चाचणी करू नका, कारण अनेकदा तो हेडसेटऐवजी फोनचाच माइक वापरतो आणि निकाल फसवा येतो.

तिसरी पाण्याची, पण फोनच्या स्क्रीनची. माळीकामाच्या फवाऱ्याने स्क्रीनवर थेंब उडवा आणि नेहमीचे हातमोजे घालून नकाशा मोठा-छोटा करून बघा. ओल्या स्क्रीनवर बोट भलतीकडेच लागतं, आणि कोणत्या फोनवर किती, ते असंच कळतं. आवाजाची बटणं आणि पॉवरचं बटण मोज्यांतून सापडतं का, तेही तेव्हाच.

शेवटी ओळखीच्या, कमी रहदारीच्या रस्त्यावर तासभर चालवा. रोजच्या वेगाने, एक चढ आणि एक उतार तरी असलेल्या वाटेने. उतारावर सूचना समजतात का, मागे वळून बघताना आवाज तुटतो का, चढावर घाम आल्यावर हेडसेट घसरतो का, खड्ड्यानंतर फोन जागेवर आहे का, हे चार प्रश्न मनात ठेवा. एखाद्याचं उत्तर मनासारखं आलं नाही तर आधी जागा बदलून, पट्टा बदलून बघा. तरीही जमलं नाही तर वस्तू परत करा. हिवाळ्यात हेल्मेटखाली टोपी आली, चष्मा नवा घेतला किंवा फोनचं कव्हर बदललं, तर बसण्याची आणि ब्लूटूथची चाचणी पुन्हा एकदा घ्यावी लागेल.